वारशात मिळालेलं वर्तमानपत्र

वडिलोपार्जित धंदा पुढच्या पिढीच्या हातात आला, की नातेवाइकांकडे दोनच वाक्यं तयार असतात. धंदा चालला तर ‘बापाचं नाव राखलं’, आणि बसला तर ‘आजोबांनी कमावलं, नातवानं घालवलं’. इंग्लंडातल्या व्हेअर हार्म्सवर्थ यांच्यासाठी लोकांनी दुसरं वाक्य फार आधीच राखून ठेवलं होतं. त्यांच्याकडे जे येणार होतं ते होतं ‘डेली मेल’, एके काळी ज्याच्या खपाला जगात जोड नव्हती असं वर्तमानपत्र. ते त्यांच्या हातात पडलं तेव्हा तोट्यात होतं. आणि लंडनच्या वृत्तपत्रांची जी पेठ, फ्लीट स्ट्रीट, तिथे या वारसदाराची गणती श्रीमंतांच्या भोळसट मुलांत होत असे. ‘मिअर व्हेअर’, म्हणजे ‘नुसता व्हेअर’, असं टोपणनावही त्यांना पडलं होतं.

मी बरीच वर्षं इंदूरच्या एका दैनिकाच्या जाहिरात विभागात काम केलं. बातमीदार नव्हते. त्यामुळे वर्तमानपत्र म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अग्रलेख येत नाही. रेट कार्ड, कॉलम सेंटीमीटर, कागदाचे वाढलेले भाव आणि महिनाअखेरची वसुली येते. आणि या सगळ्याच्या मागे बसलेला मालक येतो. आपण संपादकांविषयी खूप वाचतो. आगरकर, टिळक, नानासाहेब परुळेकर ही नावं शाळेपासून कानावर असतात. पण या मंडळींमध्ये मालकी आणि लेखणी बऱ्याचदा एकाच घरात असायची. ज्याला लिहिता येत नाही, बोलायलाही फारसं जमत नाही, पण पत्र मात्र त्याच्या मालकीचं आहे, असा माणूस नेमकं काय करतो? एस. जे. टेलर यांनी व्हेअर यांचं चरित्र लिहिलं आहे. त्याच्या नावातच ‘अनलाइक्ली हीरो’, म्हणजे ‘ज्याच्याकडून कोणी अपेक्षा केली नसती असा नायक’, असे शब्द आहेत. मला हा माणूस एवढ्यासाठीच रंजक वाटला.

आधी घराण्याची थोडी ओळख करून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

४ मे १८९६ या दिवशी आल्फ्रेड हार्म्सवर्थ या तीस वर्षांच्या तरुणाने ‘डेली मेल’ काढलं. किंमत अर्धा पेनी, इतरांच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. बातम्या छोट्या, भाषा सोपी, आणि बायकांसाठी वेगळा मजकूर. पहिल्याच दिवशी जवळजवळ चार लाख प्रती गेल्या. बोअर युद्धाच्या काळात खप दहा लाखांच्या पुढे गेला. आल्फ्रेडच्या डोक्यात कल्पना, आणि धाकट्या हॅरॉल्डच्या हातात हिशेबाची वही, अशी ती जोडी होती. इंग्लिश खाडी विमानाने पार करणाऱ्याला ‘मेल’ने एक हजार पौंडांचं बक्षीस लावलं आणि १९०९ मध्ये ब्लेरिओने ते जिंकलं. अटलांटिक न थांबता ओलांडणाऱ्यासाठी दहा हजार पौंड होते, ते १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी नेले. बातमी छापायची तर ती घडवूनही आणायची, ही युक्ती तेव्हाचीच.

आल्फ्रेडला सरकारने लॉर्ड केलं, ते लॉर्ड नॉर्थक्लिफ. १९२२ मध्ये ते वारले. किताबाला औरस वारस नव्हता. पत्र हॅरॉल्डकडे गेलं, तेही तोवर लॉर्ड रॉदरमिअर झाले होते.

इथे ‘लॉर्ड’ या प्रकरणाबद्दल दोन शब्द. ब्रिटनमध्ये उमरावांच्या पायऱ्या असतात: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. रॉदरमिअर घराण्याचा किताब व्हायकाउंटचा, १९१९ मध्ये मिळालेला. तो वंशपरंपरेने बापाकडून मुलाकडे जातो आणि त्या काळी त्याच्याबरोबर ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, आयती जागा मिळायची. निवडणूक नाही, नेमणूक नाही, जन्म पुरेसा. आपल्याकडच्या वतनाची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या घरांमध्ये तनखे आणि मानमरातब यांच्या गोष्टी अजून निघतात, त्यामुळे तरुण वाचकांनाही हे फार परकं वाटणार नाही.

हॅरॉल्ड यांना तीन मुलगे होते. त्यातले दोन पहिल्या महायुद्धात गेले. एकाचं नाव व्हेअर. तो नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्समध्ये आंक्र नदीकाठच्या लढाईत मारला गेला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता. थोरला व्हिव्हियन १९१८ मध्ये जखमांनी वारला. उरला तो तिसरा, एस्मंड. एस्मंडला २७ ऑगस्ट १९२५ रोजी मुलगा झाला आणि त्याचं नावही व्हेअरच ठेवलं. म्हणजे ज्या काकाला त्याने कधी पाहिलं नाही, त्याचं नाव घेऊनच हा मुलगा वाढला.

आजोबा हॅरॉल्ड यांच्याबद्दल चांगलं बोलणं कठीण आहे. पैशाचं त्यांना उत्तम कळायचं, राजकारणाचं मुळीच नाही. हंगेरीचा गेलेला मुलूख परत द्यावा म्हणून त्यांनी इतकं लिहिलं, की काही हंगेरियन मंडळी त्यांना चक्क राजमुकुट द्यायला निघाली होती. ही गंमत झाली. पण जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी स्वतःच्या सहीने ब्रिटनमधल्या फॅसिस्ट काळ्या डगलेवाल्यांचा जयजयकार करणारा लेख ‘मेल’मध्ये छापला, आणि हिटलरच्या भेटीगाठी, पत्रव्यवहार असं सगळं पुढेही चालू ठेवलं. मालकाने संपादकाच्या खुर्चीत बसून लिहायला घेतलं की काय होतं, याचं हे उदाहरण नव्वद वर्षं झाली तरी त्या पत्राला चिकटून आहे. १९४० मध्ये ते बर्म्युडाला वारले आणि किताब एस्मंडकडे आला. नातू व्हेअर तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

या मुलाच्या लहानपणाविषयी सांगण्यासारखं थोडंच आहे. आईवडिलांचा घटस्फोट १९३८ मध्ये झाला. शाळा ईटन, पण युद्ध सुरू झाल्यावर त्याला अमेरिकेत कनेटिकटमधल्या शाळेत पाठवलं. अभ्यासात चमक नाही. मग सैन्यात गेला. ईटनमध्ये शिकलेला आणि लॉर्डाचा मुलगा म्हणजे तो अधिकारी होणार, असं तेव्हा सगळे धरूनच चालायचे. हा चार वर्षं साध्या शिपायांतच राहिला. इंग्लंडच्या त्या वर्गात ही जवळजवळ बेअब्रू होती. माझ्या मते मात्र त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत उपयोगी शिक्षण असावं. ज्या माणसांनी पुढे त्यांचं पत्र विकत घ्यायचं होतं, त्यांच्याबरोबर एका बराकीत झोपण्याची संधी फ्लीट स्ट्रीटच्या दुसऱ्या कुठल्या वारसदाराला मिळाली असेल?

नंतर दोन वर्षं कॅनडात क्विबेकच्या कागद गिरणीत काम. १९५२ मध्ये ते घरच्या कंपनीत, असोशिएटेड न्यूजपेपर्समध्ये, आले. पुढची जवळजवळ वीस वर्षं वडिलांच्या सावलीत गेली. एस्मंड दिसायला देखणे आणि अवघ्या विशीत खासदार झालेले. पत्राकडे त्यांचं लक्ष मात्र फारसं टिकत नसे. संपादक येत, जात. १९६० मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ हे उदारमतवादी पत्र बंद करून ‘मेल’मध्ये मिसळलं, तरी त्याचे वाचक काही टिकले नाहीत. साठचं दशक संपेपर्यंत ‘डेली एक्स्प्रेस’ खूप पुढे निघून गेलं होतं. शिवाय कंपनीकडे ‘डेली स्केच’ नावाचं दुसरं, आकाराने लहान, टॅब्लॉइड पत्र होतं, तेही तोट्यात. दोन्ही पोसणं शक्य नव्हतं.

‘मेल’ ‘एक्स्प्रेस’ला जोडून टाकण्याची बोलणीही चालली होती. तसं झालं असतं तर व्हेअर यांना किताब मिळाला असता, थोडे पैसे मिळाले असते आणि पत्र गेलं असतं. ते त्यांनी होऊ दिलं नाही. १९७१ मध्ये सूत्रं हातात आल्यावर त्यांनी उलटाच डाव टाकला. बंद केलं ‘स्केच’, पण ‘मेल’ला दिला ‘स्केच’चा छोटा आकार आणि ‘स्केच’चा संपादक, डेव्हिड इंग्लिश. ३ मे १९७१ रोजी, पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, नवं ‘मेल’ बाजारात आलं.

आता हे धाडस का, ते सांगते. त्या काळी इंग्लंडमध्ये पत्राचा आकार म्हणजे त्याची जात होती. मोठ्या पानाचं पत्र सभ्य लोकांचं, अर्ध्या पानाचं कामगारांचं आणि चहाटळ बातम्यांचं. मध्यमवर्गाचं पत्र छोट्या आकारात काढायचं म्हणजे आपल्या हाताने आपली पायरी उतरायची, असं सगळ्यांना वाटत होतं. म्हणून त्यांनी ‘टॅब्लॉइड’ शब्दच टाळला, ‘कॉम्पॅक्ट’ म्हटलं. लंडनच्या गच्च भरलेल्या लोकलमध्ये शेजाऱ्याच्या नाकाला न लावता पान उलटता येतं, हा साधा फायदा होता. ‘एक्स्प्रेस’ने हाच आकार १९७७ मध्ये घेतला. ‘टाइम्स’ला तो घ्यायला २००४ उजाडलं, आणि त्यांनीही शब्द वापरला तो ‘कॉम्पॅक्ट’च.

पण त्याआधीची एक रात्र विसरता येत नाही. दोन पत्रांचं एक होणार म्हणजे माणसं निम्मी लागणार. ‘मेल’ आणि ‘स्केच’च्या कर्मचाऱ्यांना पाकिटं देण्यात आली. कोणाच्या पाकिटात नोकरी, कोणाच्या पाकिटात निरोप. शेकडो लोकांचं काम गेलं. फ्लीट स्ट्रीटने तिला नाव दिलं ‘लांब पाकिटांची रात्र’. हिटलरने स्वतःच्याच माणसांची कत्तल केली त्या ‘लांब सुऱ्यांच्या रात्री’वरून केलेला हा कडवट विनोद. घराण्याचा इतिहास पाहता तो जास्तच झोंबणारा.

‘त्याने पत्र वाचवलं’ हे वाक्य चरित्रकाराला सहज लिहिता येतं. मला ते तितकं सहज वाचता येत नाही. आमच्या आजोबांचा इंदुरात छोटासा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळाच्या अहवालांचं जॉब वर्क. ट्रेडल मशीन, खिळ्यांची घरं आणि दोन कंपोझिटर. खिळ्यांचे दिवस संपल्यावर काकांनी ट्रेडल भंगारात दिलं आणि कर्ज काढून ऑफसेट आणलं. छापखाना टिकला. माझ्या चुलतभावाचं घर आजही त्याच्यावर चालतं. दोन कंपोझिटरांपैकी एकाला काकांनी बाइंडिंगला ठेवून घेतलं, दुसऱ्याला जावं लागलं. ते आमच्याकडे दर दिवाळीला फराळाला यायचे, त्या वर्षापासून आले नाहीत. काकांनी काही गैर केलं असं मला वाटत नाही. पण त्यांनी त्यांचं नाव परत कधी घेतलं नाही, हे मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

असो. पाकिटांच्या रात्रीनंतर व्हेअर यांनी काय केलं, तर थांबले. ऐकायला हे साधं वाटतं. पत्राचा खप एका महिन्यात वाढत नाही. वाचकाची सवय मोडायला वर्षं लागतात आणि तोवर तोटा रोज रात्री छापून निघतो. नवं ‘मेल’ काही वर्षं तोट्यातच राहिलं. घराण्याने पैसा दुसरीकडेही गुंतवला होता, उत्तर समुद्रातल्या तेलातसुद्धा, आणि ‘मेल’चेच अर्थ-संपादक पॅट्रिक सार्जंट यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं ‘युरोमनी’ हे मासिक पुढे चांगलं कमावू लागलं. मताधिकाराचे शेअर घराण्याच्या मुठीत, त्यामुळे तिमाही आकडे मागणारं कोणी डोक्यावर बसलेलं नव्हतं. मालकाकडे धीर असावा लागतो हे खरं. तो धीर परवडायलाही लागतो.

दुसरी गोष्ट, बायकांची. नवं ‘मेल’ मुद्दाम बायकांसाठी घडवलं गेलं. जाहिरात विभागात काम केलेल्या माणसाला यामागचं गणित लगेच कळतं. घरात साबण कुठला, पडदे कुठले, मुलांचे बूट कुठल्या दुकानातले, हे ठरवतं कोण? मग दुकानदार जाहिरात कुठे देईल? पण त्या काळच्या इंग्रजी संपादकांना बायकांचं पान म्हणजे पाककृती आणि विणकाम एवढंच दिसायचं. इंग्लिश यांनी ‘फीमेल’ नावाचा विभाग मोठा केला: नोकरी, पैसा, आजार, नवऱ्याशी पटत नाही म्हणून काय करायचं, असे विषय. शहरातून उपनगरात राहायला गेलेली, थोडं शिकलेली, आपल्या मुलांनी आपल्यापुढे जावं असं वाटणारी बाई त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली. त्या बाईला तोवर कोणीच पत्र काढलं नव्हतं. माझ्या आईची पिढी आठवली की मला ही बाई चांगली ओळखीची वाटते.

‘मेल’चं राजकारण मला पटत नाही. स्थलांतरितांविषयीचा त्याचा सूर, बायकांसाठी पत्र काढून बायकांच्याच अंगाकपड्यांवर केलेली शेरेबाजी, हे वाचून अनेकदा संताप येतो. १९२४ मध्ये, निवडणुकीच्या चार दिवस आधी, झिनोव्हिएव्हचं म्हणून एक पत्र छापून त्यांनी मजूर पक्षाला अडचणीत आणलं होतं. ते पत्र बनावट होतं. इंग्लिश यांच्या काळातही, १९७७ मध्ये, ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीच्या लाचखोरीबद्दल मोठी बातमी छापली गेली आणि तिच्या आधाराचं पत्र बनावट निघालं. नाचक्की झाली, नुकसानभरपाई द्यावी लागली. इंग्लिश यांनी राजीनामा देऊ केला. व्हेअर यांनी तो घेतला नाही.

हे योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. माझं मत असं, की याच क्षणी त्यांनी आजोबांपासून स्वतःला वेगळं केलं. संपादक निवडायचा, त्याच्या चुकीच्या दिवशीही त्याच्या मागे उभं राहायचं, आणि स्वतः लिहायला बसायचं नाही. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, एस्मंड वारले आणि व्हेअर तिसरे व्हायकाउंट रॉदरमिअर झाले. इंग्लिश १९७१ ते १९९२ अशी एकवीस वर्षं संपादक राहिले. ज्या पत्रात आधी संपादक टिकत नव्हते, तिथे हे घडलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर ‘मेल’ने ‘एक्स्प्रेस’ला खपात मागे टाकलं.

सगळे डाव पहिल्या झटक्यात लागले असं नाही. मे १९८२ मध्ये ‘मेल ऑन संडे’ काढलं, ऐन फॉकलंड युद्धात. सुरुवात इतकी वाईट झाली की काही आठवड्यांतच पहिल्या संपादकांना जावं लागलं. इंग्लिश यांनी दैनिक सांभाळून तेही हातात घेतलं, ‘यू’ नावाची रंगीत पुरवणी जोडली आणि गाडी रुळावर आणली.

सर्वांत मजेदार प्रसंग १९८७ चा. लंडनमध्ये संध्याकाळचं पत्र एकच उरलं होतं, रॉदरमिअर यांचं ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’. त्यांचं स्वतःचं जुनं ‘इव्हिनिंग न्यूज’ १९८० मध्ये त्यातच मिसळून बंद झालं होतं. तेवढ्यात ‘मिरर’चे मालक रॉबर्ट मॅक्सवेल यांनी गाजावाजा करून ‘लंडन डेली न्यूज’ काढायचं ठरवलं. चोवीस तास छापलं जाणारं पत्र. २४ फेब्रुवारीला ते बाजारात आलं, आणि त्याच दिवशी रॉदरमिअर यांनी सात वर्षांपूर्वी गाडलेलं ‘इव्हिनिंग न्यूज’ पुन्हा उभं केलं, तेही स्वस्तात. दोन्हींच्या नावात ‘न्यूज’. कोपऱ्यावरच्या पत्रवाल्याकडे ‘न्यूज द्या’ म्हटलं तर हातात कुठलं पडेल याचा नेम नाही. मॅक्सवेलनी किंमत उतरवली, की ‘इव्हिनिंग न्यूज’ आणखी खाली. पाच महिन्यांत, जुलैमध्ये, मॅक्सवेलनी पत्र बंद केलं. ‘इव्हिनिंग न्यूज’चं काम झालं होतं, तेही थोड्याच महिन्यांत परत झोपवलं. ‘नुसता व्हेअर’ म्हणणारे त्या दिवशी कुठे होते कोण जाणे.

१९९२ मध्ये ‘टाइम्स’ने ‘स्टँडर्ड’चे संपादक पॉल डेकर यांना बोलावणं पाठवलं. त्यांना थांबवायचं तर त्यांना आवडेल अशी एकच खुर्ची होती, ‘मेल’च्या संपादकाची, आणि तिच्यावर इंग्लिश बसले होते. इंग्लिश उठले. ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि डेकरना ‘मेल’ मिळालं. वीस वर्षांच्या सोबतीनंतर एखाद्याला खुर्चीवरून उठायला सांगणं आणि त्याने न रुसता उठणं, हे पैशाने होत नाही.

घरच्या गोष्टी इंग्रजी पत्रांनी भरपूर चघळल्या, मी थोडक्यात सांगते. पत्नी पॅट्रिशिया पूर्वी चित्रपटांत नटी होत्या. मेजवान्यांमधल्या वावरामुळे पत्रांनी त्यांना ‘बबल्स’ करून टाकलं, आणि ते नाव त्यांना आवडत नसे. या दोघांना आधी दोन मुली झाल्या. पण किताब मुलींकडे जात नाही. १९६७ मध्ये जोनाथन जन्माला आला तेव्हा पुढचा व्हायकाउंट ठरला. थोरल्या बहिणींचा त्यात प्रश्नच नव्हता. बायकांसाठी पत्र घडवून वर आलेल्या घराण्यात ही रीत चालू राहिली, आणि ती फक्त त्यांचीच होती असं आपल्यापैकी कोणी म्हणू नये. १९९२ मध्ये पॅट्रिशिया वारल्या. व्हेअर बरीच वर्षं पॅरिसलाच राहत होते. १९९३ मध्ये त्यांनी मायको ली यांच्याशी लग्न केलं. त्या जन्माने जपानमधल्या आणि वंशाने कोरियन.

आणि मग १९९७. टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला. ‘डेली मेल’ म्हणजे हुजूर पक्षाचा घरचा आवाज, असं तीन पिढ्या लोक समजत आलेले. त्या महिन्यात ‘मेल’च्या मालकाने जाहीर केलं, की हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आपण यापुढे मजूर पक्षाच्या बाकांवर बसू. संपादक डेकर यांनी ‘मेल’ची दिशा तसूभरही बदलली नाही, आणि मालकाने ती बदलायला लावली नाही. ‘स्टँडर्ड’ने मात्र निवडणुकीत ब्लेअरना पाठिंबा दिला होता. एकाच मालकाची दोन पत्रं दोन दिशांना आणि मालक तिसऱ्याच बाकावर! आमच्या विभागात आम्ही ‘मालकांना काय आवडेल’ याचा अंदाज बांधत निम्मा दिवस घालवायचो. त्यामुळे मला हे वाचून हेवाच वाटला. अर्थात यालाही दुसरी बाजू आहे. पत्रात जे छापलं जातं ते आपल्याला पटत नाही, पण त्यातून नफा मात्र येतो, अशी सोय मालकाला आपोआप होते. व्हेअर यांनी संपादकांना स्वातंत्र्य दिलं हे मी मान्य करते. त्या स्वातंत्र्यात जे छापलं गेलं त्याचे पैसे त्यांच्याच घरी गेले, हेही त्याच वहीत लिहायला हवं.

१० जून १९९८ रोजी डेव्हिड इंग्लिश वारले. तीन महिने व्हायच्या आत, १ सप्टेंबरला, लंडनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने व्हेअर गेले. त्र्याहत्तर वर्षांचे होते.

जोनाथन तेव्हा तीस वर्षांचे. चौथे व्हायकाउंट म्हणून त्यांना लॉर्ड्सच्या सभागृहात जागा मिळाली आणि पुढच्याच वर्षी, १९९९ च्या कायद्याने, ब्याण्णव जण सोडून बाकी सगळ्या वंशपरंपरागत उमरावांच्या जागा गेल्या. त्यात त्यांचीही गेली. इंदिरा गांधींनी संस्थानिकांचे तनखे बंद केले ते १९७१ मध्ये, ज्या वर्षी यांच्या वडिलांनी ‘मेल’ हातात घेतलं. ब्रिटनने वतनाचा हा प्रश्न घ्यायला आणखी अठ्ठावीस वर्षं लावली आणि तोही अर्धाच सोडवला. मार्च १९९९ मध्ये कंपनीने लंडनच्या स्टेशनांवर ‘मेट्रो’ हे फुकट पत्र वाटायला सुरुवात केली. २००७ मध्ये दिल्लीत ‘इंडिया टुडे’ समूहाबरोबर ‘मेल टुडे’ काढलं, तेही छोट्या आकारात. ज्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’साठी व्हेअर मॅक्सवेलशी लढले होते, त्याचा मोठा हिस्सा २००९ मध्ये मुलाने एका रशियन उद्योगपतीला विकला. किंमत एक पौंड.

‘मेल’ त्यांनी विकलं नाही. उलट कंपनीचे बाजारातले शेअर परत विकत घेऊन २०२२ च्या सुरुवातीला ती पूर्ण घरची केली. जोनाथन यांना आता मुलं मोठी झाली आहेत, आणि फ्लीट स्ट्रीट म्हणून जी पेठ होती तिथे आज एकही दैनिक छापलं जात नाही.